प्रश्नांसाठी अर्धा तास

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके, मध्ये भीमा. पारगावहून पूल ओलांडून न्हावऱ्याकडे निघालं की तालुका बदलतो आणि खासदारही बदलतो. दौंड बारामती लोकसभा मतदारसंघात, शिरूर तालुका शिरूर मतदारसंघात. त्यातही पाबळ भागातली गावं तालुक्याने शिरूरची, पण आमदार निवडतात आंबेगावचा. असं का, हे एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं तर २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेपर्यंत मागे जावं लागतं. २००१च्या जनगणनेचे आकडे धरून ती झाली. त्यातून शिरूर लोकसभा मतदारसंघ तयार झाला आणि २००९मध्ये तिथे पहिलं मतदान झालं. भोसरी-हडपसरची दाट वस्ती आणि जुन्नर-आंबेगावचा डोंगरी पट्टा एकाच खासदाराच्या वाट्याला का आला, हा राज्यशास्त्राचा उत्तम धडा आहे. तो पुस्तकात नाही. तो व्याख्यानातच मिळू शकतो.

आणि व्याख्यानाची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५मध्ये. पुणे विद्यापीठ १९४९चं. त्याचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाची व्याख्यानमाला विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ आजही चालवतं, आणि ती पुण्याच्या पेठांपुरती न राहता तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत जाते. वर्गाबाहेरचं शिक्षण गावालाही मिळावं, ही त्यामागची कल्पना मला फार मोलाची वाटते. शिरूरचं सी. टी. बोरा महाविद्यालय असो की दौंडचं कटारिया महाविद्यालय, अशा ठिकाणी येणारी बरीच मुलं घरातली कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच असतात. टीव्हीवरच्या आरडाओरड्याखेरीज राजकारणावरची शांत, सविस्तर चर्चा ती पहिल्यांदा ऐकतात ती याच सभागृहात.

पण अशा कार्यक्रमाचा वेळ जातो कुठे ते पाहावं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग भाषण, मग अध्यक्षीय मनोगत. प्रश्नोत्तरं पत्रिकेत शेवटी असतात आणि वेळेअभावी आधी तीच गळतात. तोवर मागच्या रांगेतल्या मुली उठलेल्या असतात, कारण गावाकडची एसटी चुकवून चालत नाही. दुपारनंतर ठेवलेल्या कार्यक्रमात मुलींचे प्रश्न येत नाहीत, याचा दोष त्यांच्या संकोचाला देणं अन्यायाचं आहे. कार्यक्रम सकाळी अकराला घ्या, पहिला अर्धा तास प्रश्नांना द्या, लाजणाऱ्यांकडून चिठ्ठ्या घ्या. सभागृह लगेच बदलेल.

दुसरी अडचण विषयाची. 'राजकारण नको' म्हणून व्यक्तिमत्त्व विकास किंवा स्पर्धा परीक्षा असे निर्धोक विषय निवडले जातात. प्राचार्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. ग्रामीण भागात अनेक संस्थांच्या कार्यकारिणीवर राजकारणातलीच माणसं असतात. एका पक्षाचा वक्ता बोलावला की दुसरा गट नाराज होतो. खुल्या विद्यार्थी निवडणुकांत हाणामाऱ्या झाल्या, म्हणून १९९४च्या विद्यापीठ कायद्याने त्या बंद केल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण त्या वर्षानुवर्षं पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे अठराव्या वर्षी खासदार निवडण्याचा हक्क आहे, मात्र स्वतःच्या कॉलेजात प्रतिनिधी निवडण्याचा सराव नाही. अशा वेळी व्याख्यानाचं व्यासपीठही मिटवून घेतलं, तर ही मुलं राजकारण शिकणार कुठे? मोबाइलवर आणि प्रचाराच्या जीपमध्ये.

पक्षाचं नाव न घेता राजकारण बोलता येतं, आणि या दोन तालुक्यांत त्याला पाण्याइतका चांगला विषय नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. त्यावर पुणे शहर जगतं आणि त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरचा ऊसही उभा असतो. शहर वाढतं तसं उन्हाळी आवर्तन किती आणि कधी, हा वाद दरवर्षी पेटतो. निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो. तिच्या बैठकीला कोण बसतं, कोणाचा शब्द चालतो, कालव्याच्या हेडच्या (तोंडाच्या) गावाला पाणी आधी आणि टेलच्या (शेवटच्या) गावाला उरलंसुरलं का मिळतं, हे ज्याला उमगलं त्याला सत्ता म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. भीमेच्या अलीकडे शिरूरमध्ये हाच प्रश्न चासकमान आणि घोडच्या कालव्यांवर उभा आहे. पाटबंधारे खात्याचा अभियंता, टेलचा शेतकरी आणि पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात काम केलेला कोणी, असे तिघे एका मंचावर बसवावेत. सूत्रसंचालन राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीने करावं. प्राध्यापकांनी पहिल्या रांगेत न बसता मुलांमध्ये बसावं.

शक्य झालं तर त्याच दिवशी सभागृहाच्या दारात मतदार नोंदणीचं टेबल असावं. २०२२पासून पात्रतेच्या तारखा वर्षाला चार झाल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. अकरावी-बारावीच्या मुलांनाही म्हणूनच आत बोलवायला हवं.