दोष पपईचाही नाही, सुनेचाही नाही

गर्भपात झाल्याचं घरी फोन करून सांगितलं, की पलीकडचे प्रश्न ठरलेले असतात. ‘पपई खाल्लीस का? जड उचललंस का?’ विचारणारी माणसं मायेचीच असतात, पण रोख कुणाकडे आहे ते ऐकणारीला बरोबर कळतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसंच झालं, की ती स्वतःलाच हे प्रश्न विचारायला लागते.

म्हणून आधी एक गोष्ट. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांची, म्हणजे क्रोमोझोमची, संख्याच चुकलेली असते. ही चूक बहुतेकदा स्त्रीबीज तयार होताना घडते आणि पस्तिशीनंतर तिचं प्रमाण वाढतं. पपईशी किंवा जिने चढण्याशी तिचा संबंध नसतो.

वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरातल्या साधारण ३ ते ५ जोडप्यांत मात्र कारण दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांत सापडतं. त्याला ‘बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन’ म्हणतात. म्हणजे काय?

समजा, तुमच्याकडे २३ खंडांचा ज्ञानकोश आहे, प्रत्येक खंडाच्या दोन प्रती. बाइंडरने चौथ्या खंडाच्या एका प्रतीतली काही पानं अकराव्याच्या एका प्रतीत बांधली आणि तिथली इकडे. एकही पान हरवलेलं नाही, म्हणून तुम्ही ठणठणीत! पण बाळाला प्रत्येक खंडाची एकच प्रत द्यायची असते. चौथा खंड बदललेला गेला आणि अकरावा मूळचा, तर बाळाकडे काही पानं जास्त होतात, काही कमी पडतात. असा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. दोन्ही मूळच्या किंवा दोन्ही बदललेल्या प्रती गेल्या, तर हिशोब जुळतो.

ही अदलाबदल पुरुषातही असू शकते आणि त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. म्हणून कॅरिओटाइप ही रक्ततपासणी करायची ठरली, तर ती दोघांचीही करतात. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन गर्भपातांनंतर कारणांचा शोध सुरू करता येतो. ब्रिटनमध्ये सहसा तीननंतर. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसारखी उपचार असलेली कारणंही याच तपासणीत सापडतात.

घरपोच मिळणाऱ्या जनुकीय चाचणीत ‘एमटीएचएफआर’ दिसलं, तर मात्र घाबरू नका. हा फरक भरपूर लोकांमध्ये असतो, आणि वारंवार गर्भपातासाठी तो तपासू नये असंच तज्ज्ञांच्या संस्था सांगतात.

आणि ट्रान्सलोकेशन निघालंच तर? नेदरलँड्समध्ये अशा जोडप्यांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. २००६ साली आलेल्या त्या अभ्यासात ८० टक्क्यांहून जास्त जोडप्यांना पुढे निरोगी मूल झालं होतं. वाटेत आणखी गर्भपात होण्याची शक्यता मात्र असते. त्यामुळे जनुकीय समुपदेशकाकडे जाताना दोघांनी मिळून जा. आणि घरून पपईचा प्रश्न आलाच, तर त्याचं उत्तर या वेळी नवऱ्याने द्यावं.