रोजनिशी लिहावी काय?

ज्याचे नाव वर्तमानपत्रांत येत नाही आणि ज्याचा दिनक्रम कचेरी, बाजार व घर यांच्या मर्यादेतच संपतो, अशा सामान्य मनुष्याने रोज रात्री वही उघडून त्या दिवसाचा वृत्तांत लिहून ठेवावा काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासला, तरी आपल्या गतकाळाशी आपण किती प्रामाणिक राहणार, हा गंभीर विचार त्याच्या पोटी आहे.

या बाबतीत पुदुच्चेरीच्या आनंदरंग पिळ्ळै यांचे उदाहरण मननीय आहे. व्यापारात मुरलेले आणि पुढे फ्रेंच गव्हर्नर दुप्ले यांचे मुख्य दुभाषी झालेले हे गृहस्थ 1736 पासून 1761 मध्ये देहावसान होईपर्यंत तमिळ भाषेत रोजनिशी लिहीत होते; गलबतांची ये-जा, व्यापारातील देवघेव, शुभाशुभ शकुन, दुप्ले यांच्याविषयीचा आदर आणि त्यांच्या पत्नीविषयीची नाराजी, हा सर्व मजकूर तीत शेजारी शेजारी नांदतो. मद्रास सरकारने 1904 ते 1928 या काळात तिचे इंग्रजी भाषांतर बारा खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा तिच्या कर्त्याला जाऊन सुमारे दीड शतक लोटले होते. 1746 मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले, त्या वेळी ते शहर तीन वर्षांत इंग्रजांना परत जाईल आणि पंधरा वर्षांत खुद्द पुदुच्चेरीही पडेल, हे पिळ्ळै यांना ठाऊक नव्हते. आणि भविष्याच्या या अज्ञानातच त्यांच्या लेखनाचे खरे मोल आहे.

पुण्याच्या पेशवे दप्तरातही रोजकीर्दी आहेत आणि त्यांतून जमाखर्च, हुकूम, इनामे यांचा बारीक तपशील मिळतो. परंतु तो लिहिणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी कशाची धास्ती वाटली, हे नोंदविणे सरकारी कामात मोडत नव्हते. उलटपक्षी, वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 1857 च्या धामधुमीतील आपला उत्तरेचा प्रवास सुमारे पाव शतकानंतर लिहून काढला, आणि मराठीला ‘माझा प्रवास’ हा अमोल ग्रंथ लाभला. तथापि लेखणी हाती घेतली तेव्हा त्या प्रवासात पाहिलेल्या झाशीचे पुढे काय झाले, हे त्यांना ठाऊक होते. स्मरण हे शेवट जाणून मागे पाहते, रोजनिशी मात्र शेवट न जाणता लिहिली जाते.

सामान्य मनुष्यालाही हाच न्याय लागू आहे. नोकरी सोडताना, विवाह ठरविताना किंवा कर्ज काढून घर बांधताना मनात जी भीती, आशा आणि संभ्रम असतो, तो पुढे यश आले की “मला पहिल्यापासून खात्री होती” या समजुतीत विरून जातो, आणि अपयश आले की “माझे मन आधीच कचरत होते” असे आपण स्वतःलाच समजावतो. त्या दिवशीचे चार कोरडे शब्द जवळ असले, तर ही आत्मवंचना टिकत नाही, आणि इतरांच्या चुकलेल्या निर्णयांकडेही आपण अधिक उदार दृष्टीने पाहू लागतो. रोजनिशीतही मनुष्य स्वतःला सजवून दाखवतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्या सजावटीखालीही तारीख असते, आणि आपल्याला कोणत्या काळी कसे दिसावेसे वाटत होते, हेही त्यातून उमगते.

म्हणून रोजनिशी अवश्य लिहावी. तीत भाषेचा डौल मिरवण्यापेक्षा जिन्नसांचे भाव, भेटलेल्या माणसांचे बोलणे, घेतलेले निर्णय आणि त्यांची त्या वेळची कारणे टिपावीत. मागील पानांवर मात्र खाडाखोड करू नये. मत बदलले असेल, तर ते नव्या तारखेखाली लिहावे, कारण ते मत कोणत्या वळणावर आणि कशामुळे बदलले, हे आपल्या आयुष्याविषयी दुसरा कोणीही आपल्याला सांगू शकणार नाही.