‘करपा’ : एक नाव, दोन रोग आणि मित्रसूक्ष्मजीव

बटाट्याच्या पानांवरील दोन भिन्न रोगांस मराठीत ‘करपा’ हे एकच नाव रूढ आहे; भेद दाखवावयाचा तर ‘लवकर येणारा’ वा ‘उशिरा येणारा’ एवढेच विशेषण जोडले जाते. हे नामसाधर्म्य उपायाच्या बाबतीत निरुपद्रवी नाही.

पहिल्या रोगात जुन्या, खालच्या पानांवर वर्तुळात वर्तुळे असलेले तपकिरी ठिपके पडतात. त्याचे कारण ‘आल्टर्नेरिया सोलानी’ ही खरीखुरी बुरशी होय. दुसऱ्यात पाणचट डाग झपाट्याने पसरतात व दमट हवेत पानाखाली पांढुरकी वाढ दिसते. आयर्लंडमध्ये 1845 पासून दुष्काळ ओढवला तो याच रोगामुळे. त्याच्या कारक जीवास डी बारी यांनी 1876 मध्ये ‘फायटॉप्थोरा’, म्हणजे ‘वनस्पतिनाशक’, हे ग्रीक नाव दिले. हा जीव दिसतो बुरशीसारखा. नाते मात्र तपकिरी शैवालांशी सांगतो. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असते. याच्या भित्तीत मुख्यतः ग्लुकन व सेल्युलोज.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नव्हे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी कायटिन विरघळविणारी विकरे स्रवते. आल्टर्नेरियापुढे हे शस्त्र चालते, फायटॉप्थोरापुढे ते बोथट ठरते. तेथे ग्लुकन फोडणारी विकरे आणि जागा व अन्न यांसाठीची चढाओढ यांवरच भिस्त ठेवावी लागते. बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूची रीत निराळी. त्याची मेदयुक्त पेप्टाइडे रोगकारकाच्या पेशीपटलासच भेदतात. शिवाय काही बॅसिलस व स्यूडोमोनास जिवाणू मुळांशी वसले असता झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते आणि पाने आघाताला आधीच सज्ज राहतात.

तथापि प्रयोगशाळेतील काचपात्रात दिसणारा प्रभाव शेतात तेवढाच दिसेल, असे मानणे भाबडेपणाचे होय. पर्णपृष्ठ हे सूक्ष्मजीवांस कठोर स्थान आहे : ऊन त्यांस मारते, कोरडेपणा वाढ रोखतो, पाऊस धुऊन नेतो. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो. तेथे ज्या ढगाळ, दमट हवेत उशिराचा करपा बळावतो, त्याच दिवसांत फवारा पानावर टिकणे कठीण. म्हणून ही फवारणी डाग दिसण्यापूर्वी व्हावी आणि पुन्हा करावी. रोगमुक्त बेणे व प्रतिकारक वाण यांची जागा ती घेऊ शकत नाही. साथ भडकल्यावर तर ती एकटी अपुरीच पडते. अशा वेळी रासायनिक औषधाकडे वळावे लागले, तर दोन्ही एकाच पंपात मिसळू नयेत : ताम्रयुक्त औषधे जिवाणूंस घातक असतात, आणि फायटॉप्थोराबरोबर बॅसिलसलाही अपाय करू शकतात.