सेंट थॉमस चर्च (नामसाम्य)

सेंट थॉमस चर्च हे येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी थॉमस याच्या नावाने असलेल्या अनेक चर्चचे नाव आहे. नावावरून पंथ ठरत नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील चर्च अँग्लिकन म्हणून १७१८ च्या नाताळात खुले झाले आणि १८३७ मध्ये कॅथेड्रल बनले. चर्चगेट हे नाव त्याकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडले. चेन्नईचे सान्तोम मात्र रोमन कॅथलिक आहे.

'एपिस्कोपल' म्हणजे बिशपांच्या अधिकाराखालील. हा शब्दही फसवा आहे, कारण अमेरिकन मेथडिस्ट चर्चही स्वतःस एपिस्कोपल म्हणवीत असे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन व ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले.