स्वरांची छपाई

डिसेंबरच्या मध्यास तमिळ पंचांगातील मार्गळी महिना लागला, की चेन्नईतील सभागृहांच्या दारांशी सकाळपासून माणसे जमू लागतात. त्यांत गाणे शिकणारी मुले-मुली बऱ्याच असतात आणि त्यांतील कित्येकांच्या पिशवीत एक वही असते. गुरूने सांगितलेली कृती त्या वहीत स-रि-ग-म या अक्षरांनी, तमिळ, तेलुगू वा रोमन लिपीत उतरवून घेतलेली असते. वही जुनी होते, शाई फिकट पडते, आणि ज्या गुरूकडून ते पाठांतर आले तो गेल्यावर त्या वहीवाचून दुसरा आधार राहत नाही. मग कोणाच्या तरी मनात येते, की हे छापून का ठेवू नये? आणि तेथूनच एका नव्या साधनाविषयीच्या प्रश्नांना आरंभ होतो.

हे साधन म्हणजे संगणकावर स्वरलिपी जुळविणारी मुक्त आज्ञावली. अशा आज्ञावल्या आज अनेक आहेत. त्यांतील दोन विशेष प्रसिद्ध. ‘लिलीपाँड’चे काम १९९६ साली हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच तरुणांनी आरंभिले. ‘म्यूझस्कोर’ ही तिच्यानंतरची, वेर्नर श्वेअर या जर्मन गृहस्थाच्या प्रयत्नातून निघालेली. दोन्ही विनामूल्य मिळतात; दोहोंची घडण कोणालाही पाहता येते आणि बदलताही येते. मात्र हे साधन नवे असले, तरी ते ज्या अडचणीवर उपाय म्हणून आले ती अडचण चेन्नईला नवी नाही. तिचा इतिहास थोडा पाहिल्यावाचून आजच्या प्रश्नांचे मर्म कळावयाचे नाही.

मद्रासच्या सचिवालयात ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार नावाचे एक अधिकारी होते. एम. ए. झालेले, पाश्चात्य संगीत जाणणारे. आपले संगीत पाच रेषांच्या पाश्चात्य स्वरलिपीत छापले, तर ते जगात कोठेही वाचता येईल, अशी त्यांची धारणा होती. १८९२-९३च्या सुमारास त्यांनी मद्रासमध्ये त्या लिपीत कर्नाटक संगीतातील रचना छापून प्रसिद्ध केल्या. कचेरीचे काम सांभाळून केलेला हा उद्योग होता. तो किती कष्टाचा असेल, हे ज्यांनी छापखान्यात खिळे जुळविताना पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको. मराठीचा मजकूर जुळविताना जुळारी एका ओळीत अक्षरामागे अक्षर लावीत जातो. स्वरलिपीत मात्र रेषा आडव्या, दांड्या उभ्या, कमानी तिरप्या. आणि ते सारे एकमेकांवर बसावयाचे.

याच मुदलियारांनी मुत्तुस्वामी दीक्षितांच्या घराण्यातील सुब्बराम दीक्षितांकडे, त्यांच्याजवळचा ठेवा लिहून काढावा म्हणून आग्रह धरला. एट्टयपुरमच्या संस्थानिकांनी खर्चाचा भार उचलला आणि १९०४ साली ‘संगीत-संप्रदाय-प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ तेलुगू लिपीत छापून निघाला. त्यात केवळ स्वर नाहीत. स्वर कसा हलवावयाचा, कोठून कोठे ओढत न्यावयाचा, यासाठी खास चिन्हे योजिलेली आहेत. योगायोग असा, की त्याच १९०४ साली आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या यात्रेस निघाले आणि एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितांना भेटले. पुढे भातखंड्यांनी जी स्वरलिपी महाराष्ट्रात रूढ केली, ती त्यांनी मुद्दाम साधी ठेविली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. तीसाठी फारशा निराळ्या खिळ्यांची गरज पडत नसे, आणि तिच्या प्रसाराचे एक कारण हेही असावे.

आता प्रश्नांकडे वळू. लिलीपाँड प्रथम उघडणारा मनुष्य गोंधळतो तो असा, की समोर पाच रेषा दिसतच नाहीत. दिसते कोरे पान. येथे स्वर चित्राने मांडावयाचे नसतात, अक्षरांनी लिहावयाचे असतात. स्वराचे नाव आणि त्यापुढे त्याच्या काळाचा आकडा: एक म्हणजे पूर्ण, दोन म्हणजे अर्धा, चार म्हणजे चतुर्थांश. सगळे लिहून झाल्यावर आज्ञा द्यावयाची, म्हणजे आज्ञावली ते वाचून सुबक छापील पान तयार करते. म्यूझस्कोरमध्ये उलट, पानावरच स्वर ठेवता येतात आणि ठेवताक्षणी दिसतात. ज्याला दोन पानांचे गीत झटपट छापावयाचे आहे त्याने म्यूझस्कोर घ्यावे. ज्याला शेकडो कृतींचा संग्रह एकसारखा जुळवावयाचा आहे, त्याला लिलीपाँडची अक्षरी पद्धत अखेरीस सोयीची पडते. वहीत स-रि-ग-म लिहिणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला तर ती मुळीच परकी वाटू नये.

दुसरा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि तोच सर्वांत बोधप्रद आहे. समजा, कोणी कल्याणी रागातील कृती लिहीत आहे. कल्याणी म्हणजे आपल्या यमनाची बहीण. तिच्यात मध्यम तीव्र. षड्जासाठी ‘सी’ हा स्वर धरला, तर तीव्र मध्यम म्हणजे ‘एफ’च्या वरचा अर्धस्वर. विद्यार्थी ओळीच्या आरंभी तसे चिन्ह घालतो आणि पुढे निर्धास्तपणे ‘एफ’ लिहीत सुटतो. छापील पान पाहतो, तो प्रत्येक मध्यमाआधी शुद्ध स्वराचे चिन्ह उमटलेले! आज्ञावली बिघडली, असे त्याला वाटते. ती बिघडलेली नसते. त्याने शुद्ध मध्यम लिहिला, म्हणून तिने शुद्ध मध्यम छापला. तीव्र मध्यम हवा असेल, तर दर वेळी ‘फिस’ असे त्याचे पुरते नाव लिहावे लागते. मग कागदावर ते चिन्ह पुन्हा दाखवावे की आरंभीच्या चिन्हात ते आलेच आहे, हे आज्ञावली स्वतः ठरविते. ही नावे डच वळणाची आहेत. हवी तर इटालियन पद्धतीची ‘दो, रे, मी’ ही नावेही वापरता येतात.

या लहानशा गोष्टीत तीन परंपरांचे स्वभाव दिसतात. कर्नाटक पद्धतीच्या छापील पुस्तकांत सामान्यतः माथ्यावर रागाचे नाव आणि आरोह-अवरोह दिलेला असतो. खाली नुसता ‘म’. तो कोणता मध्यम, हे वाचणाऱ्याने रागावरून ओळखावयाचे. पाश्चात्य लिपी ती गोष्ट ओळीच्या आरंभी चिन्हाने सांगते. भातखंडे मात्र प्रत्येक विकृत स्वरापाशी रेघ मारतात. वाचकाच्या ज्ञानावर काही सोडीत नाहीत. लिलीपाँडमध्ये लिहिणारा मनुष्य नकळत भातखंड्यांच्या पंथात येतो. चेन्नईच्या विद्यार्थ्याला सुरुवातीस जड जाते ते यामुळेच, आणि मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला तितके जात नाही. पण जड गेले तरी लाभ आहे. रागाचे नाव चुकून गळाले, तरी स्वर कोणते होते, हे त्या लिखाणात शिल्लक राहते.

सप्तकाविषयीची तक्रारही अशीच. एका विशिष्ट रीतीत आज्ञावली प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या जवळात जवळ आहे असे धरते. दूरचा हवा असेल, तर वरच्या सप्तकासाठी अक्षरापुढे वरती एक लहान चिन्ह, खालच्यासाठी स्वल्पविराम. एक चिन्ह राहिले, की तेथून पुढचे सारे गाणे एका सप्तकाने वर वा खाली सरकते. उपाय सोपा: प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी उभी दांडी लिहावी आणि ओळ-ओळ तपासून पुढे जावे. मात्रा कमी-अधिक झाल्या असतील, तर त्या दांडीपाशीच आज्ञावली इशारा देते.

षड्ज ‘सी’ का धरावयाचा, असेही विचारतात. धरलाच पाहिजे असे नाही. चेन्नईत गवयाची पट्टी ‘कट्टै’ने सांगतात, आपण पांढरी एक, काळी चार असे म्हणतो, भाव एकच. ‘सी’वर लिहून ठेवावे आणि छापताना एका आज्ञेने हव्या पट्टीत न्यावे. चित्रपटसंगीताच्या चेन्नईतील ध्वनिमुद्रणगृहांत याच सोयीचे मोल फार. तेथे व्हायोलिनवाल्यासमोर त्याचा कागद, क्लॅरिनेटवाल्यासमोर त्याचा, आणि क्लॅरिनेटचा कागद बहुधा निराळ्या पट्टीत लिहावा लागतो. लिलीपाँडमध्ये मूळ संहिता एकदाच लिहितात. तिच्यातूनच संपूर्ण वाद्यवृंदाचे पान आणि प्रत्येक वाद्याचे स्वतंत्र पान काढतात. एक स्वर दुरुस्त केला, की सर्व कागदांत तो दुरुस्त होतो. इळैयराजांसारखा रचनाकार सारे हाताने लिहितो. त्यांची सिंफनी २०२५च्या मार्चमध्ये लंडनला वाजविली गेली. पण प्रत्येकाच्या हाताला ती सिद्धी कोठून यावी?

देवनागरीसंबंधीचे प्रश्न मराठी माणसाच्या विशेष उपयोगाचे. गीताचे शब्द स्वरांखाली येतात. ते युनिकोड पद्धतीने टंकलेले असावेत आणि संगणकात देवनागरीचा चांगला फाँट असावा, म्हणजे जोडाक्षरे फुटत नाहीत. जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेला मजकूर तसाच आणून चिकटविला, तर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. शब्द कोठे तोडावयाचा, हे मात्र यंत्राला कळत नाही. ‘विठ्ठल’ तीन स्वरांवर गावयाचा, तर वि-ठ्ठ-ल अशा खुणा लिहिणाऱ्यानेच घालावयाच्या. भातखंड्यांची टिंबे आणि रेघा अक्षरांना जोडू गेल्यास पुष्कळ फाँटांत त्या जागच्या सरकतात, ही अडचण खरी आहे; त्या वेगळ्या जोडून बसवाव्या लागतात. दक्षिणेत देवनागरी छपाईचा हा खटाटोप पहिलाच नव्हे. तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या वाड्यात देवनागरी छापखाना घातला होता, आणि त्यांच्याच दरबारी पाश्चात्य वाद्यांचा ताफाही होता.

आता गमक. येथे आज्ञावलीचे पाय अडखळतात, आणि ते कबूल केले पाहिजे. कर्नाटक संगीतात गंधार म्हणून जो लिहिला जातो, तो कित्येक रागांत स्थिर स्वर नसतोच. दोन स्वरांमधील एक डोलणारी हालचाल असते. पाश्चात्य लिपीतील नागमोडी रेघ तिच्याजवळ ठेवता येते, परंतु त्या रेघेचा अर्थ पाश्चात्य वादक निराळा घेईल. पाव स्वरांची चिन्हे लिलीपाँडमध्ये आहेत. तेवढ्याने बावीस श्रुती साधत नाहीत, कारण सप्तकाचे चोवीस समान भाग आणि आपल्या श्रुती यांचा हिशेब जुळत नाही. मुदलियारांच्या प्रयत्नाला जी मर्यादा पडली ती हीच. सुब्बराम दीक्षितांना निराळी चिन्हे योजावी लागली तीही याचमुळे.

फरक एवढाच, की दीक्षितांची चिन्हे छापावयास खास खिळे आणि एका संस्थानिकाचा आश्रय लागला. आज ती चिन्हे आज्ञावलीत घालावयास कोणाची परवानगी लागत नाही. तिची घडण उघडी आहे, तिच्यात नव्या आज्ञा लिहिण्याची सोय आहे, आणि जाणकाराने एकदा कंपित वा जारूचे चिन्ह घडवून ठेविले, तर ते इतरांना जसेच्या तसे घेता येते. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ केवळ फुकट असा घेणारे पुष्कळ आहेत. खरा अर्थ हा आहे.

त्याचीच दुसरी बाजू २०२४ साली दिसली. ‘फिनाले’ ही पाश्चात्य जगात नावाजलेली, पैसे देऊन घ्यावयाची आज्ञावली पस्तीस वर्षांनंतर पुढे न चालविण्याचे तिच्या कंपनीने त्या ऑगस्टमध्ये जाहीर केले, आणि जन्मभर तिच्यात लिहिणाऱ्यांना आपले काम दुसरीकडे हलविण्याच्या विवंचनेत टाकले. लिलीपाँडची संहिता साधी अक्षरे असतात. ती आज्ञावली उद्या नाहीशी झाली, तरी तो कागद मनुष्याला वाचता येईल. काहीजण विचारतात, की मुक्त आज्ञावलीत छापलेले पुस्तकही सर्वांना फुकट द्यावे लागते काय? मुळीच नाही. लेखणी कोणाचीही असो, लिहिलेले लिहिणाऱ्याचेच राहते. ते विकावयास कसलीही आडकाठी नाही.

आरंभ कोठून करावा, असे विचारणाऱ्याने मायामालवगौळ रागातील पहिली सरळी वरिसै घ्यावी. कर्नाटक संगीताचे धडे तेथूनच सुरू होतात. आपल्या भैरव थाटाचे स्वर ते: ऋषभ आणि धैवत कोमल, बाकी शुद्ध. रूढ पाश्चात्य आरंभचिन्हांपैकी एकही त्याला लागू पडत नाही, म्हणून आरंभचिन्ह न घालताच लिहावे: सी, डेस, ई, एफ, जी, आस, बी, आणि पुन्हा वरचा सी. खाली शब्दांच्या जागी स, रि, ग, म घालावेत; आदितालाच्या आठ मात्रा पुऱ्या झाल्या, की उभी दांडी. मग आज्ञा द्यावी आणि पान उमटण्याची वाट पाहावी; त्याला काही क्षण लागतात.