आठवणीचा भाव

आमच्या कोपरगावच्या पेठेत दिवाळीला वहीपूजन अजून होते. वह्या मात्र बहुधा कोऱ्याच राहतात. खरा जमाखर्च संगणकाच्या पोटात! मी इथल्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, आणि अलीकडे जो तो मला एकच विचारतो, "भाऊ, संगणक एवढा महागला कसा?" उत्तर एका शब्दात आहे : स्मृती.

कपाटात चोपड्या शंभर असोत, मुनिमाच्या मेजावर एका वेळी उघड्या राहतात दोन-चारच. संगणकाची स्मृती, म्हणजे आपण जिला रॅम म्हणतो ती, हे त्याचे मेज. मेज लहान, की काम खोळंबलेच.

पूर्वी हे मेज मोठमोठ्या संस्थांनाच परवडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' संगणक सुरू झाला. त्याची स्मृती म्हणजे तारांत ओवलेल्या चिमुकल्या चुंबकीय कड्या. एका कडीत एकच खूण. अशा हजारो कड्या मिळून जागा किती? अवघी काही किलोबाइट! पुढे १९७० साली इंटेलने १,०२४ खुणा मावणारी सिलिकॉनची चिप बाजारात आणली. कड्या ओवण्याचे कष्ट सरले, भाव उतरत गेले, आणि संगणक पेढ्यांतून किराणा दुकानापर्यंत आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर तर तो तराजूइतकाच गरजेचा ठरला.

आता मात्र नवी स्मृतीच महागाईचे कारण झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रांना चिपांचे मजल्यावर मजले चढवलेली वेगवान स्मृती लागते, आणि ती सिलिकॉन कितीतरी जास्त खाते. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे तयार होते. तिघेही या बड्या गिऱ्हाइकाकडे वळले, साधा माल आटला, आणि २०२५ च्या अखेरीस भाव भडकले. उसाचा रस इथेनॉलकडे वळला की साखर कमी पडते, हे कारखान्यांच्या या तालुक्याला काय सांगावे! त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. निकड आणि महागाई एकदमच दारात उभ्या राहिल्या.

बड्या कंपन्या हे सोसतील. छोट्या दुकानदाराने काय करावे? बिले आणि विवरणपत्रे यांना अवाढव्य यंत्र लागत नाही. आधी जुन्या यंत्रावर नवी विंडोज चालते का, ते तपासा. नवे घ्यावेच लागले, तर त्यात रॅम पुढे वाढवता येते ना, एवढे विचारूनच पैसे मोजा.