‘येजो’ला व्याकरणात जागा द्या

शाळेच्या व्याकरणात आज्ञार्थाचा तक्ता आटोपशीर असतो. तू ये, तुम्ही या, तो येवो, ते येवोत, एवढ्यात तो संपतो. अमरावती-अकोल्याकडच्या वऱ्हाडी बोलीत मात्र या तक्त्यात न मावणारे एक रूप घराघरांत सर्रास चालते. ‘ये’ म्हणजे आत्ता, समोर ये. ‘येजो’ म्हणजे नंतर, जमेल तेव्हा, ठरलेल्या वेळी ये. ‘बजारातून येतानी तेल आनजो’, ‘पोचला का फोन करजो’, ‘मास्तरले सांगजो’ या तिन्ही वाक्यांत काम सांगणारा माणूस ते काम होताना तिथे नसणार, हे गृहीत आहे. तहान लागली की ‘पानी दे’ म्हणतात. पण घराबाहेर पडताना मागे राहणाऱ्याला ‘बकऱ्यायले पानी देजो’ असे बजावतात. हा भेद कुणी कुणाला शिकवत नाही आणि तरी तो सहसा चुकत नाही. करजो, जाजो, घेजो, ठेवजो, बसजो, असा कोणताही धातू घेतला तरी रूप बिनतक्रार तयार होते. अनेकवचनात किंवा आदराने बोलताना येजा, करजा, सांगजा. नकारासाठी मागे ‘नोको’ जोडले की झाले, ‘इसरजो नोको’. ज्याला नियम आहे, काळ आहे, वचन आहे, ते क्रियापदाचे पूर्ण रूप असते. त्याला गावठी लकब म्हणून बाजूला सारता येत नाही.

आज्ञा आत्ताची की पुढची, हा भेद काही वऱ्हाडाने काढलेले खूळ नाही. लॅटिन भाषेत आज्ञार्थाचे दोन काळ होते, वर्तमान आणि भविष्य. भविष्यकाळी आज्ञार्थ कायद्यांच्या कलमांत, करारांत आणि मृत्युपत्रांत आढळतो, कारण तिथली आज्ञा पुढे कधीतरी पाळायची असते. सत्कारसमारंभात शाल-श्रीफळासोबत हातात पडणारा ‘मेमेंटो’ हा शब्द म्हणजे अशाच एका लॅटिन क्रियापदाचे भविष्यकाळी आज्ञार्थी रूप आहे. वऱ्हाडीत त्याला जवळचे रूप ‘ध्यानात ठेवजो’ हेच होईल. इंग्रजीने तो शब्द उचलला, पण ते रूप चालवण्याची सोय तिच्याकडे नाही. आपल्या बाजूला वेदभाषेत ‘-तात्’ हा प्रत्यय याच कामाचा होता, आधी अमुक होऊ दे आणि मग तू तमुक कर, अशा आज्ञेसाठी तो येई. पाणिनीच्या काळापर्यंत त्याचा वापर आशीर्वादापुरता आक्रसला होता. ‘येजो’ त्या ‘-तात्’पासून निघालेला नाही, हे स्पष्ट केलेले बरे, कारण कशाचेही मूळ वेदात नेऊन सोडण्याची आपल्याकडे फार हौस. मुद्दा एवढाच की या भेदाची गरज भाषांना पुन्हा पुन्हा पडलेली आहे.

मग ‘जो’ आला कुठून? प्राकृतात विध्यर्थासाठी ‘-एज्ज’, ‘-इज्ज’ असा प्रत्यय होता. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘ज्ज’, ‘ज्जा’ या रूपांची दखल घेतली आहे. ही महाराष्ट्री प्राकृत वऱ्हाडाला परकी नव्हती. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, जे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. तिथल्या वाकाटक शाखेच्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे काव्य याच भाषेत रचले. प्राकृतातला कर्मणी प्रत्ययही ‘-इज्ज’च्याच वळणाचा होता, त्यामुळे मराठीपर्यंत येता येता ‘जाणले जावे’ आणि ‘जाणावे’ या दोन अर्थांची सरमिसळ झाली. जुन्या मराठीतला ‘-इजे’ हा त्या सरमिसळीचा वारस. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच ‘दीजे’ आणि ‘होईजे’ भेटतात. शिवकालीन आज्ञापत्रांच्या शेवटी ‘जाणिजे’ येते. पेशवाईतल्या खासगी पत्रांचा समारोप ‘लोभ असो दीजे’ असा होई. या सगळ्या जागा नीट पाहाव्यात. श्रोत्याने पुढे ऐकत राहायचे आहे, हुकूम दूरच्या परगण्यात जाऊन पोचायचा आहे, पत्र वाचणारा कोसावर बसलेला आहे. सांगणारा आणि करणारा यांच्यात अंतर असले की ‘ज’ येतो, ही खूण सातशे वर्षांपूर्वीही दिसते आणि आज ‘फोन करजो’मध्येही दिसते. राहिला ‘जे’चा ‘जो’. ‘जावो’, ‘होवो’, ‘लाहो’ या आज्ञार्थी रूपांतला ‘ओ’ त्याला येऊन चिकटला असे मानणे मला सर्वांत सयुक्तिक वाटते.

प्रमाण मराठीत या कुळातले जे उरले ते गोठून उरले. ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ हे दोन शब्द आपण दिवसभर वापरतो, पण त्यांच्या धर्तीवर नवे ‘करिजे’ किंवा ‘बोलिजे’ घडवत नाही. वऱ्हाडात ‘ज’ चालता राहिला. याचे श्रेय काही जण रिद्धपूरला देऊन टाकतात. लीळाचरित्राची भूमी अमरावती जिल्ह्यात, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस तो ग्रंथ सिद्ध केला, म्हणून वऱ्हाडी म्हणजे जशीच्या तशी यादवकालीन मराठी, असा तो युक्तिवाद असतो. ऐकायला गोड असला तरी तो टिकत नाही. वऱ्हाडीने इतर बाबतींत भरपूर बदल केले आहेत, ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘तो येईल’चा ‘तो येईन’ ही सहज दिसणारी उदाहरणे. खरे कारण साधे आणि राजकीय आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या मुलखात होते. इंग्रजांच्या कारभाराखाली ते १८५३ मध्ये आले. म्हणजे छापील मराठीचा साचा मुंबई-पुण्याकडे ओतला जात होता तेव्हा वऱ्हाडी कान आणि वऱ्हाडी तोंड त्या कामात जवळजवळ नव्हते. ‘येजो’वर वाद होऊन तो नाकारला गेला असे काही झाले नाही. तक्ता आखला गेला तेव्हा तो विचारातच आला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, की हे सगळे हिंदीचे वळण. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले, बाजारात हिंदी, तेव्हा ‘आइयो’, ‘दीजो’ ऐकून ‘येजो’, ‘देजो’ आले असणार. पण हिंदीत ‘ज’ टिकला तो दीजिए, लीजिए, कीजिए, पीजिए अशा मोजक्या धातूंपुरता; बाकी ठिकाणी ‘आइए’, ‘करियो’. वऱ्हाडीत तो प्रत्येक धातूला लागतो. चार शब्द उसने घेऊन सगळ्या क्रियापदांना पुरेल एवढा नियम उभा राहणे अवघड. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुजरातीत निरोप घेताना ‘आवजो’ म्हणतात. राजस्थानीतही असे रूप आहे. आणि कापसाच्या व्यापाराने गुजराती-मारवाडी कुटुंबे अकोल्या-अमरावतीच्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्याकडून हे आले नसेल कशावरून? याचे उत्तर वचनात आहे. गुजरातीत एकाला सांगताना ‘आवजे’ आणि अनेकांना किंवा आदराने ‘आवजो’. वऱ्हाडीत एकाला ‘येजो’ आणि अनेकांना ‘येजा’. म्हणजे गुजरातीचे अनेकवचन ते वऱ्हाडीचे एकवचन. उसनवारी झाली असती तर रूपासोबत वचनही आले असते. निदान मान्यवर पाहुण्याला ‘जो’ आणि घरच्या पोराला ‘जे’ असे काहीतरी उरले असते. शिवाय ‘येजा’तला शेवटचा ‘आ’ हा ‘करा’, ‘बसा’ या अस्सल मराठी आज्ञार्थाचा आहे. एकाच आजीची ही नातवंडे आहेत, तोंडवळा सारखा असायचाच. शेजारच्या भाषांत सख्खे रूप कानावर पडत राहिल्याने वऱ्हाडातला ‘जो’ टिकायला मदत झाली असेल, हे मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो.

तिसरा आक्षेप उपयुक्ततेचा. ‘उद्या ये’ म्हटले की पुण्यातही समजते, मग वेगळे रूप हवे कशाला? समजते हे खरे. पण तिथे काळाचा भार ‘उद्या’ या शब्दाने उचललेला असतो, क्रियापद गप्प असते. ‘येशील’ म्हटले तर ते भाकीत किंवा प्रश्न होते, ‘यावे’ म्हटले तर निमंत्रणपत्रिकेचा थाट येतो. म्हणून प्रमाण बोलण्यात ‘ये हं’, ‘ये बरं का’ अशा शेपट्या लावाव्या लागतात. ‘येजो’ त्या शेपटीचे कामही स्वतःच करतो. जे काम आपल्या डोळ्यांसमोर होणार नाही ते हुकूम म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. ते भरवशावर सोपवावे लागते. त्यामुळे या रूपात आपोआप मऊपणा येतो, आणि आई लेकाला, सासू सुनेला, मालक सालगड्याला तेच रूप वापरू शकतो. उद्धव शेळक्यांची ‘धग’ किंवा गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’ ज्यांनी वाचली आहे त्यांना वऱ्हाडी संवादाचा हा मऊपणा परका वाटणार नाही.

‘बोलीतले रूप व्याकरणात कशाला’ या शेवटच्या आक्षेपाला फार जागा द्यायला नको. ‘आहे’सोबत कवितेतले ‘असे’ आपली व्याकरणे नोंदवतातच. मग लाखो लोकांच्या तोंडचे एक चालते रूप तळटीपेतही नसावे, हे काही शास्त्रीय नव्हे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले. त्या विद्यापीठाने दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, बाळापूर अशा तालुक्यांतून हे रूप कोण, कुणाशी, केव्हा वापरते याची ध्वनिमुद्रणासह नोंद करावी. शिक्षकांकडे मागणे त्याहून लहान आहे. मुलाने निबंधातल्या संवादात ‘बाबा, लवकर येजो’ असे लिहिले तर लाल रेघ मारू नका. फळ्यावरच्या आज्ञार्थाच्या तक्त्यात एक रकाना वाढवा.